भरती आणि परती

पहाटेचे पाच वाजत आले आहेत. देवगाव रंगारीतून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मी उभा आहे. डिसेंबरची थंडी मफलरमधून कानांत शिरते आहे. आभाळ स्वच्छ आहे. मृग पश्चिमेला कलला आहे आणि त्याच्या मागोमाग नैर्ऋत्येला उतरणारा व्याध अजून लखलखतो आहे. रात्रीच्या लाइटीवर कुणीतरी गव्हाला पाणी देतं आहे, त्या मोटरीची घरघर लांबून ऐकू येते. समोर डांबरावर फक्कीने मारलेली एक पांढरी रेघ आहे.

अंधारातून एकेक पोरगा येऊ लागतो. कुणी चालत, कुणी सायकलवर, एका मोटारसायकलवर तिघं. कुणी फारसं बोलत नाही. रस्त्याच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या आवळतात. दोघं अनवाणीच आहेत. मी मोजतो. एकवीस पोरं आणि पाच पोरी.

"मेजर आले," कुणीतरी हळूच म्हणतं आणि सगळे उठून उभे राहतात.

फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे गाव मेजरच म्हणतं, हुद्दा कुठलाही असो. हे मेजर हवालदार म्हणून बाहेर पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढली, बेळगावला रंगरूट म्हणून गेले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. आता साठीला टेकलेत. गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. पोरांकडून ते एक पैसा घेत नाहीत.

मी इथे का आलो ते सांगतो. मी एक विज्ञानकथा लिहितो आहे. शेकडो ताऱ्यांवर पसरलेलं एक साम्राज्य आहे. सम्राट लिहून झाला, राजधानी झाली, यानं झाली. सैन्याच्या पानाशी मात्र महिनाभर अडलो आहे. एवढी माणसं आणायची कुठून? त्यांना बोलावतं कोण, ती येतात का, त्यांना पोसतं कोण, आणि काम संपलं की ती जातात कुठे? आत्याचं घर देवगावात. तिच्या ओसरीवर बसून हे सगळं तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "पहाटे रस्त्यावर जाऊन उभा राहा. आमची पोरं रोज पळतात."

शिट्टी वाजते. पहिली दहा पोरं रेघेवरून सुटतात.

सोळाशे मीटर. भरतीची तयारी करणारं पोरगं 'मीटर' म्हणत नाही, नुसतं 'सोळाशे' म्हणतं. साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे आलं की शारीरिक चाचणीचे 60 गुण पदरात पडतात. गावात चारशे मीटरचा ट्रॅक नाही. मोटारसायकलच्या मीटरवर आठशे मीटर मोजून एका बाभळीला लाल चिंधी बांधली आहे. तिला शिवायचं आणि माघारी यायचं. पोरं अंधारात दिसेनाशी होतात. त्यांच्या पावलांचा आवाजही विरतो.

आता साडेपाच मिनिटं थांबायचं.

थांबल्या थांबल्या वाचलेली साम्राज्यं डोळ्यांसमोर येतात. रॉबर्ट हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मध्ये (1959) आधी सेवा करावी लागते, मगच मतदानाचा हक्क मिळतो. माणूस आपणहून येतो, कारण त्याला पूर्ण नागरिक व्हायचं असतं. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मधला (1965) सम्राट आपले कडवे सार्दोकार एका तुरुंगग्रहावरून उचलतो. जमीन इतकी निर्दय की तिथे जो जगला तो आपोआप शिपाई झाला. 'स्टार वॉर्स'च्या 2002 सालच्या चित्रपटात तर एकाच माणसाच्या नकला काढून पलटणी उभ्या केल्या आहेत. त्या शिपायांना आई नाही, गाव नाही, नाही म्हणण्याची सोय नाही. आणि व्हिएतनाममध्ये जखमी होऊन आलेला जो हॉल्डमन 'द फॉरेव्हर वॉर'मध्ये (1974) सक्तीच्या भरतीची गोष्ट सांगतो. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने प्रवास केल्यामुळे त्याच्या शिपायाची थोडी वर्षं जातात, घरी मात्र शतकं उलटतात. तो परत येतो तेव्हा ओळखीचं काहीच उरलेलं नसतं.

हक्क, हलाखी, नक्कल आणि सक्ती. ग्रंथांतल्या सम्राटांनी काढलेले हे चार रस्ते. देवगावचा रस्ता यांपैकी कोणता?

पावलं ऐकू येतात. आधी पावलं, मग श्वास, मग मोबाइलच्या उजेडात चेहरे. मेजर मोठ्याने आकडे म्हणत राहतात. "पाच दहा... पाच वीस... हात हलव, हात!" पहिला पोरगा रेघ ओलांडतो. पाच मिनिटं सव्वीस सेकंद. दुसरा पाच एकोणतीस. तिसरा पाच चौतीस.

तिसरा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा आहे. सडपातळ, काळासावळा, ओठाला कोरड पडलेली. चार सेकंदांनी त्याचे 60 चे 48 झाले आहेत. तो मेजरांकडे बघतही नाही. त्याला आकडा पाठ आहे. मी जवळ जातो. वय विचारतो.

"एकोणीस झाले, सर. कन्नडला कॉलेजला आहे."

"किती दिवस पळतोयस?"

"दोन वर्षं. मागच्या वेळी ऑनलाइन परीक्षा निघाली. ग्राउंडला अडकलो."

मी वर बघतो. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. आत्ता डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड तिथून निघाला तेव्हा हा पोरगा पाचवीत होता.

साडेसहाला पूर्वेला तांबडं फुटतं. हा रस्ता कसाबखेड्यावरून वेरूळला जातो. पुढे खुलताबाद, दौलताबाद आणि मग छत्रपती संभाजीनगर. सैन्य कसं उभं करावं याची सातशे वर्षांची शाळा या एका रस्त्यावर भरलेली आहे.

मेजर आता पोरांना शाळेच्या भिंतीशी उभं करतात. भिंतीवर खिळ्याने कोरलेली एक आडवी खूण आहे, 168 सेंटिमीटरची. महाराष्ट्रातल्या पोराला जनरल ड्यूटीसाठी एवढी उंची लागते. मग छाती. शिंप्याकडची पिवळी टेप पोराच्या उघड्या छातीभोवती फिरते. साधी 77 भरली पाहिजे आणि फुगवून आणखी 5 सेंटिमीटर. पोरगा डोळे मिटून श्वास घेतो. बरगड्या एकेक करून वर येतात, टेप कातडीत रुतते, मानेची शीर उभी राहते. मेजर टेपवर बोट ठेवून वाकून बघतात. "ब्याऐंशी. सोड." पोरगा श्वास सोडतो आणि हसतो. सकाळपासून इथे पाहिलेलं हे पहिलं हसू.

माणूस असा मोजून घेण्याची रीत या मुलखाला नवी नाही. अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीवर चालून आला. पुढे तो सुलतान झाल्यावर त्याने घोड्याला डाग आणि शिपायाच्या चेहऱ्याची नोंद अशी शिस्त बसवली. कारण साधं होतं. हजेरीच्या दिवशी सरदार उसनी घोडी आणि भाड्याची माणसं उभी करत आणि पगार मात्र पुऱ्या फौजेचा उचलत. अकबराने मनसबदारीत तीच डाग-चेहऱ्याची पद्धत पक्की केली. आज भरतीला गेलेल्या पोराचा अंगठा यंत्रावर टेकवतात, डोळ्याची बाहुली टिपतात आणि आधार कार्डाशी पडताळतात. दूरच्या ताऱ्यावरचा सम्राटही पहिली चिंता हीच करेल. कागदावर आहे तेवढा माणूस खरोखर उभा आहे का?

याच रस्त्यावर खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. त्याच्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत गेली. मनसबी वाटत गेला, पण त्यांच्यामागे लावून द्यायला जहागिरी पुरेनात. शिपायाला द्यायला हातात काही उरलं नाही की साम्राज्याची वीण उसवते. त्याच्याही आधी, हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर. मोगलांच्या जड फौजेला त्याने मराठा बारगिरांच्या हलक्या घोडदळाने जेरीस आणलं.

आणि वेरूळ. भोसल्यांचं वेरूळ. मालोजीराजे इथले. निजामशाहीत चाकरीला गेले तेव्हा ते शिलेदार होते. शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपण शाळेत घोकले, पण त्यांत सगळं अर्थकारण आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून. ज्याच्या मालकीचा घोडा, त्याच्या मर्जीची फौज. मालोजींच्या नातवाने, शिवाजी महाराजांनी, पागा वाढवली आणि शिपायाला वतनाऐवजी रोख वेतन दिलं. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. दसऱ्याला फौज बाहेर पडायची, आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्याचे चार महिने छावणी. हजारो माणसांचं सैन्य हवालदाराच्या त्या पंचविसांवर उभं होतं. माझ्या कथेतला सेनापती दहा लाख शिपायांना एकदम हुकूम देतो. हे पान मला फाडावं लागणार आहे.

"चला, बीमला," मेजर ओरडतात.

दोन लिंबांच्या मधे लोखंडी पाइप बांधला आहे. पुलअपला ही पोरं बीम म्हणतात. दहा मारले तर 40 गुण, नऊ मारले तर 33. एका बीमला सात गुण. तो पाच चौतीसवाला पोरगा पाइपला लोंबकळतो. बाकीचे मोजतात. सातव्याला त्याचे दंड थरथरू लागतात. आठवा. नवव्याला हनुवटी पाइपच्या खाली अडते, पाय हवेत काहीतरी शोधतात, आणि मग सगळी पोरं एकदम ओरडतात, "घे, घे, घे!" हनुवटी वर जाते. दहावा तो कसा घेतो ते मला कळत नाही. खाली उतरल्यावर तो तळहात दाखवतो. बोटांच्या मुळाशी चार घट्टे, त्यातला एक फुटून लाल झालेला. "हे कापूस वेचून नाय झालं सर, हे बीमचं," तो सांगतो.

शर्यत एकमेकांशी आहे, जागा मोजक्या आहेत, हे या पोरांना ठाऊक आहे. तरी दहाव्या बीमसाठी सगळ्यांनी गळा काढला. पलटण बहुधा इथूनच सुरू होते.

पोरी वेगळ्या धावतात. त्यातल्या तिघी पोलीस भरतीची तयारी करतात. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. दोघींना मिलिटरी पोलीसमध्ये अग्निवीर व्हायचं आहे. सैन्याच्या मिलिटरी पोलीस दलात 83 जणींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बेंगळुरूला प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडली, ती बातमी एकीने मोबाइलमध्ये अजून जपून ठेवली आहे. ती मला दाखवते आणि म्हणते, "आधी दारच नव्हतं ना सर. आता निदान दार आहे."

दार कुणासाठी उघडं आणि कुणासाठी बंद, हे राज्य ठरवतं. इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' असा शिक्का बनवला. ज्या महार शिपायांची नावं कोरेगावच्या 1818 च्या लढाईच्या स्तंभावर कोरली, त्यांच्याच नातवंडांची भरती 1890 च्या दशकात बंद केली. पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी कागदाच्या एका तुकड्याने पुसली. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज या रेघेवर उभ्या असलेल्या सव्वीस जणांना मेजर आडनाव विचारत नाहीत, वेळ विचारतात. एवढ्या साध्या गोष्टीमागे अर्धं शतक झगडण्यात गेलं आहे.

आठ वाजतात. ऊन चढतं. पोरं पांगतात. पाच चौतीसवाला मला घरी घेऊन जातो. घर रस्त्यालगत, मागे रान. तीन एकर, तेही कोरडवाहू. विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरतं. आई ओटीत कापूस घेऊन येते. शेवटची वेचणी चालू आहे. ती हात पुसते, चहा टाकते, मला "बसा दादा" म्हणते.

"लेक फौजेत गेला तर भीती नाही का वाटत?" मी विचारतो.

"वाटती ना. बुलढाण्याकडचं ते पोरगं गेलं ना बर्फात, तेव्हा दोन दिवस घास उतरला नव्हता." ती सांगते आहे ती गोष्ट ऑक्टोबर 2023 ची. सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना एका अग्निवीराचा मृत्यू झाला. तो शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला होता. "पण दादा, इथं तरी काय आहे? कापसाला भाव नाही. अद्रक लावलं तर बेण्याचाच खर्च निघंना. तिथं तीस हजारांनी सुरुवात आहे."

तिला आकडे नीट माहीत आहेत. 14 जून 2022 ला केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं, चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के दरमहा कापून बाजूला ठेवायचे, तेवढेच सरकार घालणार, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये सेवानिधी म्हणून हातात. पेन्शन नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार.

चूल धुमसते आहे. आई फुंकणीने जाळ करते आणि माझ्याकडे न बघता विचारते, "चार वर्षांनी माघारी आला, तर तेविसाव्या वर्षी त्यानं काय करायचं, ते कुणी सांगतं का?"

मी चहाचा कप खाली ठेवतो. माझ्याकडे उत्तर नाही. मला इतका वेळ वाटत होतं की 'ड्यून'मधल्या तुरुंगग्रहासारखी निर्दय जमीन शिपाई घडवते. या ओसरीवर बसल्यावर दिसतं की जमीन शिपाई घडवत नाही, ती दुसरे रस्ते बंद करते. उरलेल्या एका रस्त्यावर फक्कीची रेघ असते. त्या रेघेवर उभा राहणारा पोरगा धाडसी आहे, मनापासून आलेला आहे, वर्दीवर त्याचा जीव आहे. हे सगळं खरं. आणि तीन एकर कोरडवाहू हेही खरंच.

दुपारी मेजरांच्या अंगणात बसतो. ते ट्रंकेतून एक अंतर्देशीय पत्र काढतात. पत्ता त्यांच्या बायकोच्या हस्ताक्षरात आहे. नंबर, रँक, नाव, पलटण, आणि शेवटी 'केअर ऑफ 56 एपीओ'. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही.

"आम्ही लडाखात कुठंही असो, घरच्यांना पत्ता हाच," मेजर सांगतात. "पलटण जिथं, तिथं पत्र यायचं. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्याने. एकदा पोरगी झाल्याचं पत्र आलं, तेव्हा ती दीड महिन्याची झाली होती."

गाव नसलेला पत्ता. तारकासाम्राज्याच्या टपालाला याहून चांगली युक्ती सुचणार नाही. पण मेजरांचा दीड महिना माझ्या डोक्यात घुमत राहतो. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर. तिथल्या ठाण्याला आज हुकूम पाठवला तर सव्वाचार वर्षांनी पोचेल आणि 'पोचला' हे कळायला आणखी सव्वाचार. राजधानीत बसून अशी फौज चालवताच येणार नाही. ती त्या त्या ताऱ्यावरच्या सरदाराला उभी करायला लावावी लागेल. मराठ्यांनी अठराव्या शतकात हेच केलं. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांनी आपापल्या सरंजामावर आपापल्या फौजा बाळगल्या. पानिपत 14 जानेवारी 1761 ला घडलं आणि मदतीला निघालेले नानासाहेब पेशवे त्यानंतरही दिवस न् दिवस वाटेत बातमीची वाट पाहत होते. अंतर मोठं झालं की सम्राटाच्या हाती हुकूम राहत नाही, फक्त विश्वास राहतो.

"मग माणूस तुटत का नाही, मेजर? एवढ्या लांब, हुकूम उशिरा, पत्र उशिरा."

ते थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, "नाम, नमक, निशान. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ, आणि झेंडा. पण खरं सांगू? शेजारच्या खड्ड्यात जो बसलाय ना, त्याच्यासाठी माणूस टिकतो. आणि त्याला माहीत असतं की मी मेलो तर माझ्या घरच्यांना हे लोक सोडणार नाहीत."

मेजरांच्या या वाक्यावर माझी कथा सुटते. अफजलखानाच्या स्वारीनंतर, 1659 मध्ये, शिवाजी महाराजांनी काय केलं ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवलं आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या विधवांना निम्मं वेतन लावून दिलं. जखमींना जखमेप्रमाणे होन वाटले. तिकडे रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उघडला आणि त्यासाठी वारसाहक्कावर कर बसवला. परमुलखातून भरती झालेला रोमचा साहाय्यक शिपाई पंचवीस वर्षांची सेवा पुरी करून बाहेर पडला की त्याला नागरिकत्व मिळे आणि त्याचा पुरावा म्हणून काशाचे पत्रे मिळत. त्यातले कितीतरी पत्रे आजही मातीतून निघतात. माणूस गेला, साम्राज्य गेलं, दिलेला शब्द धातूवर शिल्लक आहे.

मेजर महिन्याच्या एक तारखेला पेन्शन घेतात. कॅन्टीनचं कार्ड आहे, दवाखान्याचं कार्ड आहे. या तीन गोष्टींच्या जोरावर ते पहाटे फुकट शिट्टी वाजवू शकतात. गावाला एक सरकारी नोकर परत मिळाला असं नव्हे, एक शिक्षक मिळाला आहे. सैन्याने एका पोराला घेतलं आणि सतरा वर्षांनी सव्वीस पोरांना शिकवणारा माणूस परत केला.

उद्या रेघेवर उभ्या राहणाऱ्या पोरांचा हिशेब वेगळा आहे. पहिले अग्निवीर 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेले. त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरपासून पुरी होऊ लागतील. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा राखून ठेवण्याचं केंद्राने 2022 मध्ये जाहीर केलं. ही सुरुवात आहे, पण त्या आईच्या प्रश्नाचं हे पुरं उत्तर नाही. तरुण फौज हवी हे मला पटतं. उंच डोंगरावर तरुण फुप्फुसं लागतात. पण तेविसाव्या वर्षी शिस्त, नेमबाजी आणि अकरा-बारा लाख रुपये घेऊन गावात उतरणाऱ्या पोरासाठी काम, कॉलेजचा वर्ग आणि मानाची जागा आधीपासून तयार असली पाहिजे. ते फक्त दिल्लीचं काम नाही. ते जिल्ह्याचं आहे, बाजार समितीचं आहे, कारखान्याचं आहे, ग्रामसभेचं आहे.

संध्याकाळी आत्याच्या ओसरीवर बसून मी ते अडलेलं पान लिहायला घेतो. सम्राटाच्या भरतीच्या हुकुमाखाली आता दुसरा कागद जोडतो. कोण किती वर्षांनी परत येणार, कोणत्या यानाने, कोणत्या कामावर, आणि त्याच्या दारात तोपर्यंत कोण जाऊन विचारपूस करणार. सैन्याची ताकद भरतीच्या रांगेत मोजतात. राज्याची लायकी परतीच्या रांगेत कळते.

अंधार पडतो. रस्त्यावरून कापसाने भरलेला टेम्पो जातो. त्याच्या दिव्यांत फक्कीची रेघ क्षणभर उजळते. ती पुसट झाली आहे. मेजर पहाटे पुन्हा मारतील. पाच चौतीसवाला पोरगा उद्या पुन्हा येणार आहे. त्याला चार सेकंद कापायचे आहेत.

ते तो कापेल असं मला वाटतं. तो जाईल तेव्हा गाव हलगी लावून त्याला सोडायला येईल. माझी गावाला एवढीच विनंती आहे की हलगी जपून ठेवावी. या रेघेवरून निघालेल्या दर चार अग्निवीरांमधला फार तर एक तिकडे कायम होणार आहे. उरलेले तिघं चार वर्षांनी याच रस्त्याने घरी येणार आहेत.